कर्मवीर अण्णांची पंगत



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं हे पुस्तक निघतंय. संतांची चरित्रं लिहिणारी जाणती मंडळी यात पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला पोरांच्या संस्काराचा विषय आला. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला उभं राहायची सवय आहे, लिहायची नाही. म्हणून कीर्तनात लावतो तसंच इथं एक आख्यान लावतो. फक्त हे आख्यान संताचं नाही. गावोगाव शाळा काढणाऱ्या एका माणसाचं आहे. त्यांचं नाव कर्मवीर भाऊराव पाटील. आमच्या भागात त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

कुणी विचारील, की वारकऱ्यांच्या पुस्तकात हे चरित्र कशाला? अण्णा जन्मानं जैन घरातले, वारकरी परंपरेतले नव्हेत. पण पोरांना वळण कसं लावायचं हे त्यांनी जसं करून दाखवलं, तसं मला दुसरीकडं बघायला मिळालं नाही. आणि त्यांनी ज्या जागेवरून सुरुवात केली ती जागा आपल्या वारकऱ्यांच्या चांगली ओळखीची आहे. ती जागा म्हंजे पंगत.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावात, आजोळी झाला. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, वाळवे तालुक्यातलं. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते, त्यामुळं बदलीच्या गावी फिरणं व्हायचं. आई गंगाबाई. लहानपणी पोरगं अंगानं दांडगं आणि मनानं हट्टी होतं. महारवाड्यातल्या माणसांना विहिरीचं पाणी भरू देत नाहीत, ताटकळत ठेवतात, हे बघून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला अशी गोष्ट आमच्याकडं सांगतात. न्यायाची चीड कुणी शिकवून येत नाही, ती त्यांच्या अंगातच होती. पण नुसत्या चिडीनं कुणाचं पोट भरत नाही की कुणाला अक्षर येत नाही. ती चीड पुढं कामाला कशी लागली, तेच खरं चरित्र आहे.

शिकायला ते कोल्हापूरला गेले. राजाराम हायस्कुलात नाव घातलं आणि राहायला जैन बोर्डिंगात होते. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली होती. १९०८ साली अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क नावाचं वसतिगृह निघालं. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की आंघोळ केल्याशिवाय जेवणाच्या जागेत यायचं नाही. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला. माणसाजवळ बसून आल्यानं माणूस कसा बाटतो, हे त्यांना पटेना. त्यांना बोर्डिंगातून काढून टाकलं. बोर्डिंगाचा कारभार तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडं होता.

हे नाव ध्यानात ठेवा, कारण पुढं ते परत येतं.

भाऊराव मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. ज्या माणसानं पुढं हजारो मॅट्रिक आणि पदवीधर घडवले, तो स्वतः मॅट्रिक नव्हता. सातारला येऊन त्यांनी शिकवण्या धरल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायला लागले. १९१० साली सोबत्यांबरोबर दुधगावला एक वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातीची पोरं एकत्र ठेवली. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी तिथं पडलं.

१९१४ साली कोल्हापुरात एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. मोठं प्रकरण झालं. लठ्ठ्यांवर संशय होता आणि भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून दडपण आलं. साक्ष खोटी होती. बघा आता. ज्या माणसानं आपल्याला भरल्या पंगतीतून उठवलं, त्याच्यावर सूड घ्यायची आयती संधी दारात चालून आली होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, की देवानंच दान दिलं. भाऊरावांनी खोटं बोलायचं नाकारलं. त्यांना तुरुंगात टाकलं, फार हाल झाले, जिवावर बेतायची पाळी आली. पण शब्द फिरवला नाही. शाळा काढायच्या आधीची ही त्यांची खरी परीक्षा म्हणायची. चारित्र्य म्हंजे काय हे ते पुढं पोरांना पुस्तकातून सांगत बसले नाहीत, कारण त्याची किंमत त्यांनी आधीच भरली होती.

त्यानंतर काही वर्षं त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम केलं. खेडोपाडी हिंडावं, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं, नांगराचा फायदा समजावून सांगावा. या फिरतीत त्यांनी गावं आतून बघितली. कर्ज कसं होतं, सही येत नाही म्हणून अंगठा कसा उठतो, हुशार पोरगं गुरांमागं कसं जातं, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलं. आपल्या बापजाद्यांना लोखंडी नांगर परवडायचा नाही, पण त्याहून मोठी तूट अक्षराची आहे, हे त्यांच्या मनात बसलं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराची माणसं भोवती होतीच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. नावातच रयत आहे, म्हंजे आपण सगळे कुणबी-कष्टकरी.

१९२४ साली संस्थेचा मुक्काम सातारला आला आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. आता इथून नीट ऐका.

त्या काळात शाळेत धडे होते, श्लोक होते, खोटं बोलू नये, सगळे देवाची लेकरं, हे सगळं होतं. आणि तेच शिकवणारे मास्तर वेगळ्या जातीच्या पोराला दाराबाहेर बसवत होते. पोरगं कानानं एक ऐकायचं आणि डोळ्यांनी दुसरं बघायचं. पोरं डोळ्यांनी बघितलेलंच धरतात, हे आपल्या घरातसुद्धा दिसतं. अण्णांनी हे ओळखलं होतं. म्हणून त्यांनी उपदेशापासून सुरुवात केली नाही, त्यांनी चुलीपासून केली. बोर्डिंगात मराठा, महार, मांग, रामोशी, जैन, मुसलमान, सगळ्यांची पोरं. चूल एक, पंगत एक, पाण्याची जागा एक. स्वयंपाकाला आचारी नाही, झाडायला गडी नाही. भाकरी पोरांनीच थापायच्या, आमटी पोरांनीच करायची, भांडी त्यांनीच घासायची, कपडे त्यांनीच धुवायचे. आज ज्याची पाळी भाकरीची, उद्या त्याची पाळी केर काढायची. कुठलं काम कुठल्या जातीचं, हा हिशेबच त्या चुलीत जळून गेला.

गावाकडून विरोध व्हायचाच. आपला पोरगा कुणाच्याही हातचं खातो म्हटल्यावर आईबापाच्या जिवाची घालमेल व्हायची. पण पोराला शिकवायचं तर दुसरी वाट नव्हती, आणि अण्णा नियम सोडायला तयार नव्हते. एकट्या जातीचं बोर्डिंग काढलं असतं तर देणग्या सोप्या मिळाल्या असत्या. त्यांनी अवघड वाट धरली.

या पंगतीची अन्नपूर्णा होती लक्ष्मीबाई, अण्णांची कारभारीण. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली बाई. तिनं आधी आपलं मन मोडलं आणि मग परक्या पोरांना पोटाशी धरलं. कुणाचं डोकं दुखलं, कुणाला ताप आला, तिनंच बघायचं. अण्णा गावोगाव धान्य आणि पैसा गोळा करत हिंडायचे. घरात पोरांना खायला काही उरलं नाही की ती अंगावरचा एक एक डाग काढून द्यायची. असं करता करता अंगावरचं सोनं संपलं, आणि शेवटी मंगळसूत्रही त्या पोरांच्या भाकरीसाठी गेलं. १९३० साली ती वारली. आपण कीर्तनात त्यागाच्या गोष्टी पुष्कळ सांगतो. आयाबहिणींनो, मंगळसूत्र उतरवताना त्या माऊलीच्या मनात काय झालं असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. कर्मवीर ही पदवी लोकांनी अण्णांना दिली, पण तिच्यातला निम्मा वाटा लक्ष्मीबाईंचा आहे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी सातारच्या बोर्डिंगात आले आणि त्यांच्या हातून त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं गेलं. सगळ्या जातीची पोरं एका ताटवाटीनं राहतात, हे त्यांनी तिथं डोळ्यांनी बघितलं. पुढं १९३२ साली पुणे करार झाला, त्याच्या पाठोपाठ अण्णांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. करारावर मोठ्या माणसांच्या सह्या झाल्या होत्या. अण्णांनी तो करार पोरांच्या ताटापर्यंत आणला.

आता कष्टाचं सांगतो. पोरांच्या फीला पैसा नव्हता. अण्णांनी भीक मागायची सवय पोरांना लागू दिली नाही. पोरं शेतात राबायची, खडी फोडायची, संस्थेच्या इमारतीला दगडमाती वाहायची, आणि त्यातून आपलं शिक्षण भागवायची. यालाच पुढं कमवा आणि शिका असं नाव पडलं. १९४० साली सातारला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथं फी नाही, राहायची सोय आणि कष्ट करून शिकायचं. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, त्यातही हीच रीत.

इथं मला माझं दोन शब्द सांगायचे आहेत. कष्ट मीही लहानपणी केले. चौथी झाली आणि औताला लागलो. माझ्या कष्टानं माझी शाळा सुटली. अण्णांच्या पोरांच्या कष्टानं त्यांना शाळा मिळाली. कष्ट दोन्हीकडं आहेत, पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. म्हणून कुणी म्हणालं, की पोरांना कामाला लावलं म्हंजे संस्कार झाला, तर मी मान्य करणार नाही. ज्या कामानं पोराचं पुस्तक हिसकावलं जातं ते काम वेगळं. आणि ज्या कामाच्या जोरावर पोरगं ताठ मानेनं वर्गात बसतं, ते काम वेगळं.

आणखी एक गोष्ट. बोर्डिंग चालायला धान्य लागायचं. त्यासाठी अण्णांनी मुष्टिफंड काढला. घरच्या बाईनं दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते साठवून बोर्डिंगाला द्यायचं. मूठ म्हंजे किती? गरिबातल्या गरीब घरालाही जड नाही. पण गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावरून मूठ निघाली की पोती भरतात. आणि पोत्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की ज्या घरानं मूठ दिली त्या घराला ती शाळा आपली वाटते. दिंडीची भिशी भरली की दिंडी आपली वाटते, तसंच. आज शाळा सरकारची असते नाहीतर संस्थेची असते. गावाची किती असते, हे ज्याचं त्यानं बघावं.

अण्णांना हेही कळलं होतं, की चांगली शाळा भिंतींनी होत नाही, मास्तरांनी होते. म्हणून १९३५ साली त्यांनी सातारला मास्तर तयार करायचं कॉलेज काढलं. खेड्यातल्या पोरांना तिथं मास्तर केलं आणि पुन्हा खेड्यात पाठवलं. जिथं सरकारी शाळा पोचली नव्हती, अशा वाड्यावस्त्यांवर शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. बोर्डिंगात भाकरी थापलेला, केर काढलेला पोरगा जेव्हा मास्तर होऊन वस्तीवर जायचा, तेव्हा त्याला समतेचा धडा पाठ करावा लागत नव्हता. तो धडा त्याच्या हातालाच लागलेला होता.

आणि अण्णा स्वतः कसे राहायचे? खादीचे कपडे, पांढरी दाढी, हातात काठी, खांद्याला घोंगडं. पोरं जे खातात तेच खायचं. एवढ्या संस्था काढल्या, पण एकीलाही आपलं नाव दिलं नाही. नावं बघा कुणाची आहेत. शाहू महाराज, सयाजी महाराज, शिवाजी महाराज. कुणी मोठी देणगी देऊन शिवाजी महाराजांच्या नावाऐवजी दुसरं नाव सुचवलं, तर ती देणगी त्यांनी परत केली असं सांगतात.

आपल्या वारकऱ्यांना जवळची अशी एक गोष्ट सांगायची राहिली. संत गाडगेबाबांचा आणि अण्णांचा मोठा जिव्हाळा. गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, हे आपण सगळे जाणतो. तेच बाबा कीर्तनात लोकांना पोराला शाळेत घालायला सांगायचे, भांडी मोडा पण पोराला शिकवा अशा अर्थानं. १९४८ साली गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा अण्णांनी संकल्प सोडला. त्याच सुमाराला सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. हजारो पोरांच्या पोटाचा प्रश्न आला. तेव्हा गाडगेबाबांनी सरकार दरबारी अण्णांसाठी शब्द टाकला. झाडू घेऊन गाव झाडणारा एक बाबा आणि घोंगडं पांघरून शाळा काढणारा एक अण्णा. १९५४ साली कराडला कॉलेज काढलं, तेव्हा अण्णांनी त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. जो कधी शाळेत गेला नाही, त्याचं नाव कॉलेजावर लागलं.

१९५९ साली भारत सरकारनं अण्णांना पद्मभूषण दिलं. पुणे विद्यापीठानं त्यांना डी. लिट. ही मोठी पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठानं मान दिला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. तोपर्यंत संस्थेची शंभराच्या आसपास हायस्कुलं झाली होती, बोर्डिंगं होती, कॉलेजं होती. संस्थेची खूण वडाचं झाड आहे. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्याच खोड होतात. बोर्डिंगातली पोरंच पुढं मास्तर झाली, ती रीत त्या खुणेत दिसते.

आता उत्तररंगाला येतो.

हल्ली मला शाळांचं बोलावणं येतं. पोरं ऐकत नाहीत, मोबाईल सोडत नाहीत, तर महाराजांनी येऊन अर्धा तास संस्कारावर बोलावं, असा निरोप असतो. मी जातो. बोलण्याला मी नावं ठेवत नाही, माझा तो धर्मच आहे. पण अर्ध्या तासाच्या बोलण्यानं काय होतं आणि काय होत नाही, हे मला ठाऊक आहे. पाऊस एकदा पडून गेला की पीक येत नाही, त्याला रोजची ओल लागते. अण्णांनी पोरांना ती रोजची ओल दिली. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंतचा दिवसच असा बांधला, की पोरगं खोटं बोलायला, आळस करायला, दुसऱ्याला हलकं समजायला जागाच उरू नये.

शाळेत पोरांच्या हातात केरसुणी दिली की आज आईबाप तक्रार घेऊन जातात. त्यांचंही सगळंच चूक नाही. कारण काही ठिकाणी केरसुणी ठरावीक घरच्या पोरांच्याच हातात जाते आणि बाकीचे बघत बसतात. तसं होत असेल तर तो संस्कार नव्हे, ते पाप आहे, आणि तक्रार केलीच पाहिजे. अण्णांच्या बोर्डिंगात पाळी होती, आणि पाळीतून कुणी सुटत नव्हता. पाटलाचा असो की महाराचा. केरसुणी सगळ्यांच्या हातात फिरली तर ती शिकवते. एकाच हातात राहिली तर ती नुसती झिजवते.

आणि हे शाळेपुरतंच आहे का? दिंडीकडं बघा. आपली दिंडी ही चालती शाळाच आहे. सुट्टीत कितीतरी घरची पोरं-पोरी आपल्याबरोबर चालतात. आपण त्यांच्या हातात पताका देतो, टाळ देतो, पाया पडून घेतो. पण पत्रावळ्या कोण उचलतं? पाण्याची घागर कोण भरतं? म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण ट्रकातून कोण उतरवतं? ठरावीक चार माणसं. शंभर वर्षं तीच चार घरं ते काम करत आली आहेत, आणि आपण त्यांना सेवेकरी म्हणून हार घालतो. हाराबरोबर त्यांच्या हातातलं काम वाटून घेतलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

म्हणून या शताब्दीला माझं विश्वस्त मंडळींना आणि सगळ्या माऊलींना हात जोडून सांगणं आहे. पुढच्या वारीपासून पोरांच्या पाळ्या लावा. पाणी, वाढणं, पत्रावळ्या, तळ झाडणं. नावाची यादी करा, आणि त्या यादीत माझ्या नातवंडांची नावं पहिली घाला, विश्वस्तांच्या नातवंडांची त्याच्या खाली. पोरगी असो, पोरगा असो, भाकरीची पाळी दोघांनाही. पोरांबरोबर एक मोठा माणूस त्याच कामाला असू द्या, म्हंजे पोरांना ती शिक्षा वाटणार नाही. आणि भिशीच्या जोडीला प्रत्येक घरानं एक मूठ धान्य बाजूला काढावं, ते आपल्या गावच्या शाळेत शिकणाऱ्या गरजू पोरांना द्यावं. हिशेब देवळाच्या फळ्यावर लिहावा.

एवढं केलं, तर दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांत पोरांना संस्कार शिकवायला माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बोलवावं लागणार नाही. आमच्या पाळीचं काम आम्ही तोवर करत राहू.

रामकृष्ण हरी.